बार झाल्यानंतर

शिकारीच्या गोष्टी वाचायला कोणाला आवडत नाहीत? मचाण असते, चांदणे असते, सुकलेल्या पाचोळ्यावर कसलीशी चाहूल लागते, शिकारी श्वास रोखतो आणि बार होतो. जनावर कोसळते. मग शिकारी त्याच्या मानेवर पाय ठेवून छायाचित्रासाठी उभा राहतो आणि गोष्ट संपते. माझी शंका मात्र तिथेच सुरू होते. पुढे काय? भर चैत्रात, गावापासून दोन कोस आत, अडीच मणांचे धूड पडले आहे. ते उचलले कोणी, उघडले कोणी आणि कशाने? बंदुकीची नळी किती बोरची, काडतूस कुठल्या कंपनीचे, हे सारे शिकारी लेखक तपशिलाने सांगतात. सुरीविषयी मात्र अवाक्षर नाही. सुरी जणू आपोआप चालते!

माझे आजोळ रामगडच्या बाजूला, गड नदीच्या काठी. आज तो भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. पण हा जिल्हा १९८१ च्या १ मे रोजी झाला. मी मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून बोटीने मालवणला उतरत असे तेव्हा सगळा रत्नागिरी जिल्हाच होता. आमचे थोरले मामा शिकारीला जात; पण ते बंदूकवाले नव्हते. ठासणीची बंदूक गावात दुसऱ्याकडे होती. मामांच्या खांद्यावर किंतानाची एक वळकटी असे. बार झाला, कुत्र्यांचा गलका थांबला, की सगळे वाट पाहत ते मामांची. "मामा इले काय?" हा प्रश्न बंदूकवाल्याच्या कौतुकाच्या आधी विचारला जाई. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटे. तो अजूनही ओसरलेला नाही.

त्या वळकटीत काय असे ते सांगतो, म्हणजे शहरातल्या वाचकांना थोडे आश्चर्य वाटेल. मोठी, लखलखीत, पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरवणारी अशी एकही वस्तू तिच्यात नव्हती. चार बोटे पात्याची एक सुरी. तिच्याहून थोडी लांब आणि लवचीक दुसरी. एक निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, वापरून वापरून मधे खोलगट झालेला. सुंभाची दोन वेटोळी. एक जुने धोतर, स्वच्छ धुतलेले. बस्स. कोयता वळकटीत नसे. तो सगळ्यांप्रमाणे कमरेला मागे, आकडीत अडकवलेला.

पाहुण्यांना वाटे, एवढ्या मोठ्या जनावराला एवढीशी सुरी कशी पुरणार? मामांचे गणित उलटे होते. जनावर जेवढे मोठे, तेवढे पहिले काम नाजूक. मेलेल्या जनावराचे अंग लगेच थंड होत नाही. रानडुकराची कातडी जाड, तिच्याखाली चरबीचा थर, वर केसांचे खरखरीत पांघरूण. आतली ऊब आतच कोंडते. पोटातल्या आतड्यांत जंतूंचे मोहोळ असते आणि अनुकूल उबेत काही जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात, हे मी पुढे पुस्तकात वाचले. मामांनी पुस्तक वाचले नव्हते. ते एवढेच म्हणत, "बार झाल्यार घड्याळ लागला." त्या घड्याळाच्या आत पोट उघडून आतडी बाहेर काढायची, पण आतड्याला, कोठ्याला किंवा मूत्राच्या पिशवीला टाचणीएवढेही भोक पडू द्यायचे नाही. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी तर देवाघरच्या दिव्यासारखी सांभाळून काढायची. ती फुटली की भोवतालचे सगळे मांस कडूजहर. आता सांगा, अशा कामाला तलवार हवी की छोटी सुरी?

पोट उघडण्याची मामांची रीत मी कितीदा तरी पाहिली. जनावर उताणे, मागचे पाय सुंभाने झाडांना ताणून बांधलेले. पहिली चीर इवलीशी. तिच्यातून डाव्या हाताची दोन बोटे आत घालून कातडी वर उचलायची आणि त्या दोन बोटांच्या बेचक्यातून सुरी पुढे सरकवायची. धार आकाशाकडे, पाठ आतड्यांकडे. म्हणून सुरीची पाठ बोथट आणि गुळगुळीत हवी. म्हणून टोक अणकुचीदार नको, किंचित खाली उतरलेले हवे. म्हणून पाते आखूड हवे, कारण टोक कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, ते बोटाला कळावे लागते. तर्जनी पात्याच्या पाठीवरून पुढे केली की टोकापर्यंत पोचली पाहिजे. पोचत नसेल तर ती सुरी आपली नव्हे. सुरी निवडण्याचा एवढा साधा आणि एवढा पक्का नियम मला नंतर कोणत्याही इंग्रजी पुस्तकात आढळला नाही.

नर असला तर एक अवयव सर्वांआधी काढावा लागे, नाहीतर मांसाला उग्र वास धरतो. पण ते काही दिवाळी अंकात विस्ताराने लिहिण्यासारखे नाही.

पोट रिकामे झाले की एक काठी आडवी घालून ते उघडे ठेवायचे, आतून वारा खेळला पाहिजे. पाणी ओतायचे नाही. पाण्याने घाण धुतली जात नाही, पसरते. जुन्या धोतराने कोरडे पुसून घ्यायचे. धोतराचे कारण ते. कोयत्याची पाळी यानंतर येई. छातीचे हाड आणि मागच्या पायांमधले हाड फोडायला कोयता. तोसुद्धा वर उगारून नव्हे. पाते हाडावर टेकवायचे आणि पाठीवर लाकडाचा ओंडका हाणायचा, म्हणजे घाव जिथे हवा तिथेच बसतो आणि हाडाच्या कपच्या मांसात जात नाहीत. कुऱ्हाडीला मामा जवळ फिरकू देत नसत. सांध्यांना तर कोयताही नको. सांधा नेमका हेरला तर छोट्या सुरीच्या दोन फिरक्यांत मांडी सुटी होते. मग धूड काठीला बांधून वहाळावर आणायचे, सुकी चुडते पेटवून केस भाजायचे आणि जुनाट, धार गेलेल्या कोयतीने कातडी खरवडून पांढरी करायची. धार गेलेले हत्यारही टाकायचे नसते, ते असे.

एका सुटीत, १९६४ ची असावी, मुंबईहून एक पाहुणे आले होते. नाव सांगत नाही. खाकी अर्धी विजार, डोक्यावर सोल्याची टोपी आणि पट्ट्याला लटकवलेला शेफील्डचा खंजीर. वीतभर पाते, दोन्ही बाजूंना धार, मुठीपाशी पितळेची आडवी पट्टी, मूठ शिंगाची. आम्हां पोरांचे डोळे त्याच्यावरून हलेनात. त्या दिवशी डुक्कर मोठे पडले. मामा अजून खालच्या बाजूला, हाकाऱ्यांबरोबर. पाहुण्यांना धीर निघेना. "एवढ्यासाठी काय थांबायचं?" म्हणून त्यांनी खंजीर उपसला.

मामा धापा टाकत वर पोचले तोवर वास सुटला होता. खंजिराचे टोक कातडीतून थेट कोठ्यात गेले होते. त्या बिचाऱ्या हत्याराचा तरी काय दोष? ते बनवले होते माणसाच्या बरगडीत खुपसायला. दोन्हीकडे धार, मग बोट ठेवणार कुठे? टोक सुईसारखे, मग ते थांबणार कसे? पितळेच्या पट्टीमुळे मूठ चीरेत शिरत नाही आणि चरबीने हात ओला झाला की गुळगुळीत शिंग निसटते. मामा एक शब्दही बोलले नाहीत. किंतान उलगडले, बाह्या सारल्या आणि घाण लागलेले सगळे मांस, हातभर बाजूचे धरून, कापून कुत्र्यांपुढे टाकले. जवळजवळ एका मांडीचे मांस गेले. मग खाली मान घालून इतकेच म्हणाले, "आता बारा वाटे कमी."

हे वाक्य समजायला वाट्यांची रीत ठाऊक हवी. आमच्या वाडीत शिकार ही कोणा एकाची नसे. बंदूकवाल्याचा वाटा, ज्याच्या कुत्र्यांनी जनावर उठवले त्याचा वाटा, हाकाऱ्यांचा प्रत्येकी एक, देवाचा एक, आणि घरी कर्ता पुरुष नाही अशा घरांचे न मागता ठेवलेले. कुंभ्याच्या पानांवर चाळीस-चाळीस वाटे ओळीने मांडले जात. प्रत्येकात थोडे काळीज, थोडे हाड, थोडी चरबी. तराजू नव्हता, मामांची सुरी हाच तराजू. आणि कापणाऱ्याने आपले पान सगळ्यांत शेवटी उचलायचे. उरेल ते त्याचे. त्यामुळे वाटे समान पडत. आमच्या वाडीत मांसावरून भांडण झालेले मी ऐकले नाही. त्या संध्याकाळी अठ्ठावीस पाने मांडली गेली. कोणाकोणाला नाही म्हणायचे ते मामांनाच ठरवावे लागले आणि त्यांनी स्वतःचे पान मांडलेच नाही. मामी काही बोलली नाही. रात्री आम्ही कुळथाची पिठी आणि भात जेवलो. पाहुणेही आमच्याच पंक्तीला होते!

मामांच्या दोन्ही सुऱ्या गावच्या लोहाराने केलेल्या. लांब सुरी मोटारीच्या कमानीच्या पाट्याची, आखूड सुरी झिजलेल्या कानशीची. कानशीचे पोलाद फार कडक, धार धरते ती आठवडाभर. पण तसेच ठेवले तर काचेसारखे तडकते. म्हणून लोहार ते लालभडक तापवून तेलात बुडवी आणि मग पाते दगडावर घासून उजळ करून निखाऱ्यांवर हळूहळू पुन्हा शेकी. उजळलेल्या पात्यावर रंग चढत जातात. आधी सुकलेल्या गवताचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवले तर धार टिकाऊ, निळ्यावर गेले तर पोलाद मऊ, कमानीसारखे वाकणारे. सुरीला पिवळा, कोयत्याला त्याच्या पुढचा. मी भात्याशेजारी उकिडवा बसून तो रंग पाहत असे. सूर्यास्ताचेही मला एवढे कौतुक वाटलेले नाही. मूठ खैराची, जड, किंचित खडबडीत ठेवलेली आणि शेवटाला फुगीर, म्हणजे ओला हात सरकला तरी अडतो.

अशा पोलादाला खाऱ्या हवेत गंज लगेच चढतो. न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली काढले. आज आपल्या प्रत्येक घरात त्याच्या सुऱ्या आहेत आणि लिंबू कापायला त्या उत्तमच. मामा मात्र काम झाले की सुरी कोरडी पुसून तिला खोबरेल लावून ठेवीत. त्यांच्या केसांना आठवड्यातून एकदा तेल लागे, सुरीला रोज.

ही मामांची निवड काही त्यांच्या एकट्याची नव्हे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फातून पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे प्रेत निघाले. त्याच्या पोटात रानबकऱ्याचे आणि हरणाचे मांस होते. आणि त्याच्याजवळची सुरी? गारगोटीचे पाते, लाकडी मूठ, सगळी मिळून वीतभरसुद्धा नाही. शिवाय पात्याची धार पुन्हा काढायला एक ठोकळा, त्याच्या टोकात हरणाच्या शिंगाचा तुकडा बसवलेला. म्हणजे छोटी सुरी आणि निसणा! धोतर तेवढे नव्हते. दूर कशाला जा, आमच्या मालवण तालुक्यातच कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रे आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत त्यांची नोंद झाली. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत तर अश्मयुगातली दगडी हत्यारेच सापडली आहेत. ती हातात धरणाऱ्यांनाही टोक कुठे आहे ते बोटानेच कळत असणार.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर जाऊन पाहा. मोरीसारखा मोठा मासा, ज्याची कातडी पॉलिश कागदासारखी खरखरीत, तो उघडतानाही बायका आधी लहान सुरीच घेतात. कोयता आणि लाकडी ठोकळा नंतर तुकड्यांसाठी. घरी आडाळीवर बांगडा कापणारी आमची मामी तर पात्याकडे न पाहता पोट काढी आणि पित्त कधी फुटत नसे. मामा म्हणत, आपण हे काम तिच्या सासूकडून शिकलो. सासू म्हणजे त्यांची आई!

शिकारीचे दिवस मात्र सरत चालले होते. मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ पासून होताच, पण आमच्या रानात तो फारसा पोचलेला नव्हता. १९५८ साली फोंडा घाटाच्या वर दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झाले. कोल्हापूरकर महाराजांच्या शिकारीचेच ते रान. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली. मामांनी १९७२ नंतर किंतान उघडले नाही. त्यांना कोणी सांगितले नव्हते. "सांबर बघूक आता दाजीपुराक जावचा लागता," एवढेच ते म्हणाले, आणि त्यात तक्रार होती की नाही हे मला आजही सांगता यायचे नाही. माझ्या मते कायदा झाला ते योग्यच झाले. चाळीस वाट्यांची शिकार वर्षातून दोन-तीनदा होती तोवर रान टिकले, पण रात्री जीपगाडीतून दिवे पाडत येणाऱ्यांना वाटे ठाऊक नव्हते. मामा गेल्यावर मामीने ती आखूड सुरी माझ्या हातात दिली. दादरच्या बिऱ्हाडात मी तिला रविवारी खोबरेल लावीत आलो.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या नातवाचा फोन आला. तो गावी राहून शेती करतो, हल्लीच्या काळात हे थोडेथोडके नव्हे. "काका, एक सुरी घेऊची आसा. फोटो धाडलंय, बघा." फोटोतली सुरी पाहून मला शेफील्डचे पाहुणे आठवले. पाठीवर करवतीचे दाते, पाते काळे, मुठीत होकायंत्र! मी विचारले, कशासाठी? तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, डुकरांनी भाताची दोन कुणगी एका रात्रीत नांगरून ठेवली, काजूची कलमे उपटली. वाडीतले काहीजण फासकी लावायच्या बेतात आहेत. पडले तर कोणाला तरी उघडता आले पाहिजे. आजोबांचे नाव सगळे काढतात.

मी गावी गेलो. कुणगी पाहिली. माणसाच्या हातून असा नाश झाला असता तर मारामारी झाली असती. त्याचा राग खोटा नव्हता. पण फासकी म्हणजे शिकार नव्हे. तारेत अडकलेले जनावर रात्रभर ओढाताण करते, आणि तार डुक्कर-बिबळ्या असा भेद करीत नाही. शिवाय आज पिकाचा नाश करणारे डुक्कर रीतसर परवानगीने मारले तरी कायद्याने ते सरकारचे. वनखात्याच्या देखरेखीखाली त्याची विल्हेवाट लावायची, वाटे मांडायचे नाहीत. हे ऐकून मामी, आता नव्वदीच्या पुढची, पडवीतूनच म्हणाली, "म्हंजे पुरूचा? आख्ख्या डुक्कर?" तिच्या आवाजातला धक्का कायद्याला नव्हता, नासाडीला होता. मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

नातवाला मी सांगितले की फासक्यांच्या भानगडीत तू पडायचे नाहीस, आणि नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज दे. त्याने तोंड वाकडे केले, पण अर्ज दिला. भरपाई आली, नुकसानीच्या मानाने थोडी, आणि उशिरा. त्याच्याकडे बारा शेळ्या आहेत. बोकड कापायला तालुक्याहून माणूस बोलवावा लागतो, तो भसाभस कोयता चालवून निघून जातो. म्हणून परसात आंब्याखाली मी त्याला दोन दिवस बसवले आणि पिशवीतून सुरी काढून दिली. पहिल्यांदा त्याने ती मुठीत आवळून धरली. मग कोणी न सांगता तर्जनी पाठीवरून पुढे केली. टोकापर्यंत पोचली. बोकडाचे पोट उघडताना त्याचा हात थरथरत होता; पित्ताची पिशवी सुटून बाहेर आली तेव्हा त्याने ती उजेडात धरून पाहिली, हिरवीगार, अखंड.

सुरी तिथेच ठेवून आलो. दादरला तिला करायला काम तरी काय होते?

गेल्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. मूठ हलू लागली आहे, खिळे ढिले झाले आहेत. रानात सांबराचे गळून पडलेले शिंग मिळाले आहे, त्याची बसवू का? पूर्वी शेफील्डचे सुरीवाले आपल्या सांबराची शिंगे जहाजे भरभरून नेत आणि मुठी करून आपल्यालाच विकत, त्यामुळे शिंगाची मूठ म्हणजे रुबाब, हे त्याने कुठेसे वाचले होते. मी कळवले की शिंग होते तिथे ठेवून ये, ते गळलेले असले तरी उचलायची मुभा नाही. आणि असती तरी ओल्या हातात शिंग निसटते. खैराचीच बसव. लोहार आता गावात उरला नाही, पण कणकवलीच्या सुताराकडे खैराचा तुकडा मिळेल. शेवटाला फुगीर ठेवायला सांग, आणि पॉलिश करू देऊ नकोस.